जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?

ऐन पावसाळ्यात मुंबईत कुणाचं पोट बिघडलं तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. दोन दिवस जुलाब, अंगात कणकण, ओआरएसची पाकिटं, मुगाची मऊ खिचडी, आणि चौथ्या दिवशी माणूस पुन्हा सकाळच्या लोकलला लटकलेला. दोन-तीन आठवडे असेच जातात. मग एका सकाळी गुडघा टम्म सुजतो. पडल्याचं, मुरगळल्याचं काही आठवत नाही. एखाद्याचा घोटा सुजतो, एखाद्याला पलंगावरून उतरताना टाच टेकवत नाही. घरात लगेच निदानं सुरू होतात. ‘युरिक अ‍ॅसिड वाढलं असेल’, ‘चिकुनगुन्याची साथ आहे’, ‘एसीत बसून बसून वात धरलाय’. हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे निघतो आणि तो नॉर्मल येतो. पोटाचा विषय कुणी काढत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी तो कधीच संपलेला असतो.

अशांपैकी काही जणांना रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस झालेला असतो. शरीरात दुसरीकडे कुठेतरी, बहुतेक वेळा आतड्यात किंवा लघवीच्या आणि जननेंद्रियांच्या मार्गात, जंतुसंसर्ग होतो आणि साधारण एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात. या आजारात सांध्यातलं पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला लावलं, तर त्यात काहीच उगवत नाही. सांधा लाल, गरम, ठणकणारा, पण त्यात जंतूंची वाढ नाही.

प्रत्येक जुलाबामागे ही भीती धरायची गरज नाही. साध्या विषाणूने बिघडलेलं पोट सहसा हा त्रास मागे ठेवून जात नाही. यात मुख्यतः नावं येतात ती साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि येर्सिनिया या जीवाणूंची. ताप, पोटात मुरडा, रक्त-आव पडणं अशा जोरदार दुखण्यामागे बऱ्याचदा यांच्यापैकीच कुणीतरी असतो. लघवीच्या मार्गाने येणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा क्लॅमिडिया. पोटातल्या संसर्गानंतर हा आजार स्त्री-पुरुषांना सारखाच होतो. क्लॅमिडियानंतरचा मात्र पुरुषांत जास्त आढळतो. वय बहुधा वीस ते चाळीसच्या दरम्यानचं.

जंतू नाहीत, मग सूज कसली?

आतड्यात घुसलेल्या जंतूंवर रोगप्रतिकारक पेशी तुटून पडतात. जंतू मरतात, पण त्यांच्या आवरणाचे तुकडे लगेच नाहीसे होत नाहीत. ते सांध्याच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतात. साल्मोनेला, येर्सिनिया यांचे असे अवशेष रुग्णांच्या सांध्यांत संशोधकांना प्रत्यक्ष सापडले आहेत. क्लॅमिडियाची तऱ्हा थोडी निराळी आहे. तो सांध्याच्या अस्तरात सुप्त अवस्थेत, जिवंत दडून राहू शकतो, पण नेहमीच्या कल्चरला दाद देत नाही. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच. चोर कधीच पसार झालाय, तरी सोसायटीतली मंडळी काठ्या घेऊन जिन्यात उभी आहेत आणि कुरिअरवाल्यालाही बडवून काढतायत, असा सगळा मामला.

मग एकाच गाडीवरची पाणीपुरी खाऊन चौघं आजारी पडतात आणि गुडघा एकाचाच का सुजतो? याचं अर्धंमुर्धं उत्तर आपल्या जनुकांत आहे. काही लोकांच्या पेशींवर जन्मापासून एचएलए-बी२७ नावाचं प्रथिन असतं. आई किंवा वडिलांकडून ते येतं. जंतूंचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींपुढे सादर करणं हे त्याचं काम. या प्रथिनाचा आणि मणक्याच्या, सांध्यांच्या अशा आजारांचा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत ते सापडतं, आणि ज्यांच्यात सापडतं त्यांचा आजार जास्त तीव्र किंवा जास्त लांबणारा असू शकतो. हे प्रथिन नेमका गोंधळ कसा घालतं यावर शास्त्रज्ञांचे दोन-तीन पक्ष आहेत. कुणी म्हणतं ते जंतूचा तुकडा आणि स्वतःच्या शरीराचा तुकडा यांत गल्लत करायला लावतं, कुणी म्हणतं त्याची घडीच नीट बसत नाही आणि त्यामुळे पेशी चिडते. आपल्यापुरतं इतकं पुरे की बी२७ असणाऱ्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात हा आजार होत नाही, आणि ते नसणाऱ्यांनाही होतो.

पोट आणि सांधे यांचं नातं किती पक्कं आहे, हे एका जहाजावर जवळपास प्रयोग केल्यासारखं दिसलं. १९६२ साली अमेरिकन नौदलाच्या ‘लिटल रॉक’ या युद्धनौकेवर शिगेलाच्या आवेची साथ आली. बाराशेहून जास्त खलाशी होते, त्यांतले सहाशेच्या वर आजारी पडले. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यातल्या जेमतेम नऊ-दहा जणांना सांध्यांचा हा त्रास झाला. जेवण सगळ्यांचं एकच आणि जंतूही एकच असून प्रमाण शंभरात दीड-दोन. बऱ्याच वर्षांनंतर या नऊ-दहांतल्या ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांत बी२७ सापडलं. त्याआधी, १९४४ मध्ये फिनलंडमध्ये युद्धाच्या धामधुमीत आवेची प्रचंड साथ पसरली होती. तिथे सुमारे दीड लाख आजाऱ्यांमागे साडेतीनशेच्या आसपास लोकांना हा आजार झाल्याची नोंद आहे. ‘रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’ हा शब्दही १९६९ मध्ये फिनलंडच्याच डॉक्टरांनी रूढ केला.

जुन्या पुस्तकांत आणि काही ज्येष्ठ डॉक्टरांच्या बोलण्यात या आजाराचं ‘रायटर्स सिंड्रोम’ हे जुनं नाव अजून भेटतं. हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने १९१६ मध्ये आव, सांधेसूज, डोळे लाल आणि लघवीला जळजळ असलेल्या एका सैनिकाचं वर्णन केलं, त्यावरून ते पडलं. हा गृहस्थ पुढे नाझी राजवटीत मोठ्या पदावर होता आणि बुखेनवाल्ड छळछावणीत कैद्यांवर झालेल्या टायफस लसीच्या प्रयोगांशी त्याचा संबंध होता. नाव टाकून दिलं गेलं ते बरंच झालं. तसंही सांधे, डोळे आणि लघवी हे तिन्ही त्रास एकत्र असलेले रुग्ण कमीच असतात.

दुखणं दिसतं कसं

या आजाराची एक ठरावीक चाल असते आणि ती ओळखता आली तर निम्मं काम होतं. शक्यतो पायाचेच सांधे धरले जातात, म्हणजे गुडघा, घोटा आणि पावलाची बोटं. एक-दोन किंवा फार तर चार सांधे, तेही दोन्हीकडे सारखे नाहीत. डावा गुडघा आणि उजवा घोटा, असं काहीतरी विषम. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बहुधा दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच धरतो. इथे तसं नसतं.

दुसरी खूण टाचेची. स्नायूंचे आणि पायाच्या तळव्यातले पट्टे जिथे हाडाला चिकटतात त्या जागाच सुजतात. टाचेच्या मागे किंवा तळव्याखाली दुखतं, आणि सकाळी उठल्यावरची पहिली पावलं सगळ्यांत जड जातात. कधी पायाचं एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत अख्खं सुजतं. कंबर दुखते, पण ओझं उचलल्यावर दुखते तशी नाही. रात्री उत्तरार्धात आणि पहाटे ती जास्त आखडते, चालायला-फिरायला लागलं की मोकळी होते. झोपून राहून कमी होणारी कंबरदुखी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी यांतला हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

सांध्यांपलीकडेही खुणा असतात. डोळे आल्यासारखे लाल होतात, चिकटतात. हे बहुतेक वेळा आपोआप निवळतं. पण डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर ते साधं डोळे येणं नाही. डोळ्याच्या आतल्या थराला सूज असू शकते, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायला हवा. लघवी करताना जळजळ होते, ही पोटातल्या संसर्गानंतरही होऊ शकते. तोंडात न दुखणारे चट्टे उठतात, जननेंद्रियावर चट्टे येतात, तळपायाच्या त्वचेवर जाड खपल्या धरतात. या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाऊन पडतात, हीच खरी अडचण आहे. डोळे नेत्रतज्ज्ञाने पाहिले, त्वचा त्वचारोगतज्ज्ञाने, गुडघा हाडवाल्याने, आणि जुलाबाची गोळी कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिली. चौघांनी आपापलं काम नीट केलं तरी आजार कुणाच्याच समोर पूर्ण येत नाही. माझ्या मते या आजारात रुग्णाने करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. मागच्या सहा आठवड्यांत काय काय झालं, हे तारखांसकट एका कागदावर लिहून न्यावं. पोट कधी बिघडलं, किती दिवस, रक्त पडलं का, कुठल्या गोळ्या घेतल्या, डोळे कधी लाल झाले, लघवीला त्रास झाला का.

या शेवटच्या प्रश्नातून लैंगिक संबंधांचा विषय निघतो तेव्हा आपल्याकडे गाडी अडते. पंचविशीतला मुलगा तपासायला येतो तो आईबरोबर. डॉक्टर लैंगिक संबंधांबद्दल विचारतात, आई बाजूलाच बसलेली असते, मुलगा मान हलवून ‘नाही’ म्हणतो आणि विषय मिटतो. सोबत आलेल्यांनी पाच मिनिटं बाहेर बसावं. डॉक्टरांनी तसं सांगावं, आणि नाही सांगितलं तर रुग्णाने म्हणावं. क्लॅमिडिया कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाही, बायकांमध्ये तर बहुतेकदा नाहीच. त्यामुळे तो सापडला म्हणून कुणी कुणावर संशय घ्यायची घाई करू नये. संसर्ग कधीचा आहे हे तपासणीतून कळत नाही. फक्त जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर संसर्ग परत येतो.

मुंबईतले सोंगाडे

इथे निदान अवघड होतं, कारण या शहरात, विशेषतः जून ते ऑक्टोबर, सांधे दुखवणारे आजार ढीगभर आहेत. चिकुनगुन्या त्यांतला सगळ्यांच्या तोंडी असलेला. त्यात आधी जोरदार ताप येतो आणि सांधे तापाबरोबरच धरतात, मनगटं, हाताची बोटं, घोटे, बऱ्याचदा दोन्हीकडे. दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. तापाशिवाय, पोट बिघडल्यानंतर तीन आठवड्यांनी एकटा गुडघा सुजला तर त्यावर चिकुनगुन्याचा शिक्का मारणं चुकीचं.

युरिक अ‍ॅसिडचा, म्हणजे गाऊटचा झटका रात्रीतून येतो आणि पुष्कळदा पायाचा अंगठा पकडतो. रक्तात युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं सापडलं म्हणजे गुडघ्यातली सूज त्यानेच आली असं ठरत नाही. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड कित्येक निरोगी माणसांतही असतं. सांध्यातल्या पाण्यात त्याचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तर ते खरं.

एक गुंता तर औषधानेच तयार होतो. जुलाब लागले की केमिस्टकडून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी आणून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी टाचेमागचा जाड पट्टा दुखावू शकतो, क्वचित तुटूही शकतो. साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांत हा धोका जास्त असतो. म्हणजे जुलाबानंतर टाच दुखली तर कारण आजार की गोळी, हा प्रश्न खराच पडतो, आणि गोळीचं नाव आठवत नसेल तर उत्तर मिळणं कठीण.

टीबीचंही एक रूप इथे लपून बसतं. फुप्फुसात किंवा गाठींत टीबी असतो, सांध्यात जंतू नसतात, तरी सांधे सुजतात. याला पोन्सेचा आजार म्हणतात आणि टीबीचं औषध सुरू केलं की सांधेही बरे होतात. महिनाभर बारीक ताप, वजन घटणं, खोकला, मानेत गाठी असं काही सोबत असेल तर हा विचार व्हायला हवा. लहान मुलांत घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, एक बरा होतो तोवर दुसरा धरतो असं झालं, तर संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीवर, आधी तपासावा, कारण तो हृदयाच्या झडपांना इजा करतो. आणि मोठ्या माणसाचे जुलाब थांबतच नसतील, आठवडेच्या आठवडे रक्त जात असेल, तर आतड्याचाच जुना दाह असू शकतो. त्यातही सांधे दुखतात.

या सगळ्यांत ज्याच्यासाठी रात्री दोन वाजताही टॅक्सी करून निघावं असा एकच. एक सांधा लाल, गरम, हलवताच येत नाही आणि सोबत जोराचा ताप. त्यात जिवंत जंतू आणि पू असेल तर कूर्चा काही दिवसांत कायमची खराब होते. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, केईएम, सायन, नायर, जेजे, जवळचं जे मोठं रुग्णालय असेल तिथे कॅज्युअल्टीत जा. सांध्यातलं पाणी काढून तपासणं हेच तिथे पहिलं काम. ‘पाणी काढलं की पुन्हा पुन्हा भरतं’ ही समजूत जुनी आहे आणि तिला अर्थ नाही. पाणी भरतं ते सूज असते म्हणून.

तपासणीने काय कळतं

रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसची अशी एकच खात्रीची चाचणी नाही. डॉक्टर हकिकत आणि तपासणीवरून अंदाज बांधतात, चाचण्या बाकीचे आजार बाजूला काढायला मदत करतात. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे रक्तातले आकडे, वाढलेले असतात, पण ते कुठल्याही सुजेत वाढतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या चाचण्या बहुधा निगेटिव्ह येतात. शौचाच्या कल्चरमध्ये तोवर बहुधा काही उरलेलं नसतं, कारण पोट बरं होऊन आठवडे झालेले. लघवीत क्लॅमिडिया शोधता येतो, आणि एचआयव्हीची तपासणीही सोबत करून घ्यावी. बी२७ ची चाचणी पॅकेजमध्ये घुसवून मनाला घोर लावून घेण्यात हशील नाही. डॉक्टरांना चित्र अर्धवट दिसत असेल तेव्हाच तिचा उपयोग.

उपचार, आणि थोडा धीर

उपचाराचा पाया म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन यांसारख्या, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस. दुखलं की एक गोळी, असं घेऊन सूज उतरत नाही. जठर, किडनी, रक्तदाब पाहूनच डॉक्टर त्या देतात. पावसाळ्यात एक जादा काळजी लागते. अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांना हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल.

एक-दोनच सांधे हट्टाला पेटले असतील तर, त्यात जंतू नाहीत याची खात्री करून, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने लवकर आराम पडतो. दुखणं महिन्यांवर गेलं तर रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालणारं सल्फासॅलाझिन किंवा मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. त्यानेही भागलं नाही तर सूज पेटवणारे घटक थेट अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, पण ती सुरू करण्याआधी अंगात दबून बसलेला टीबी तपासणं अत्यावश्यक.

लोकांना पटायला सगळ्यात जड जाणारी गोष्ट अँटिबायोटिकची. ‘जंतूंमुळे झालं ना, मग जंतूंचं औषध द्या.’ पोटातल्या संसर्गानंतरच्या सांधेसुजेवर अँटिबायोटिकचा उपयोग दिसत नाही. क्लॅमिडिया सापडला तर मात्र त्याचं औषध, बहुधा डॉक्सिसायक्लिन, दोघांनी पूर्ण घ्यायचं.

सुजेच्या पहिल्या दिवसांत सांध्याला विश्रांती आणि बर्फाचा शेक. गरम तेलाने रगडून चोळण्याची घाई नको. ठणका उतरला की फिजिओथेरपी लगेच सुरू करावी, कारण मांडीचे स्नायू थोड्याच दिवसांत वाळायला लागतात आणि मग दादरचा पूल चढताना कळतं. ‘दोन दिवसांत सांधे मोकळे’ असं सांगत मिळणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

बहुतेकांचा हा आजार तीन ते सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात ओसरतो. पाच-सहांतल्या एखाद्याचा मात्र जुनाट होतो आणि त्याला संधिवाततज्ज्ञाच्या नजरेखाली राहावं लागतं.

आणि तो परतू शकतो. नवा संसर्ग झाला की पुन्हा. म्हणून एकदा होऊन गेलेल्याने पावसाळ्यात कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा, उघडी चटणी यांच्याकडे जरा जास्त संशयाने बघावं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध झालेलं पाणी निघतं, पण जुन्या जलवाहिन्यांना भोकं पडलेली असतात आणि पाणी सुटायच्या वेळा सोडल्या तर नळ कोरडे असतात. त्या काळात बाहेरची घाण आत ओढली जाते. नळाला आलेलं पहिलं पाणी गढूळ दिसलं तर ते सोडून द्या आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळा. नवीन जोडीदाराबरोबर निरोध वापरा. पुढच्या वेळी पोट बिघडून डॉक्टरांकडे गेलात, की ‘मागे जुलाबानंतर माझे सांधे सुजले होते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.